चेतनेचा हिशेब कोणी करायचा?

७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग यांच्या दयामरणाची याचिका फेटाळली, तेव्हा परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिकांनी मिठाई वाटली. दुरून पाहणाऱ्याला हे दृश्य चमत्कारिक वाटावे असेच होते. सदतीस वर्षांहून अधिक काळ एका खाटेवर पडून असलेली, बोलू न शकणारी, दृष्टी जवळजवळ गमावलेली एक स्त्री आणखी काही वर्षे तशीच पडून राहणार, यात आनंद तो कसला? उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरहून मुंबईत येऊन याच रुग्णालयात परिचारिका झालेल्या अरुणावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका सफाई कामगाराने पाशवी अत्याचार केला, कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि प्राणवायूअभावी तिच्या मेंदूची न भरून येणारी हानी झाली. गुन्हेगार सात वर्षांची शिक्षा भोगून मोकळा झाला. अरुणा १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षे, चार क्रमांकाच्या वॉर्डालगतच्या खोलीत होती. या काळात परिचारिकांच्या दोन-तीन पिढ्या निवृत्त झाल्या. ज्यांनी तिला कधी चालता-बोलताना पाहिलेही नव्हते, अशा मुली नोकरीवर रुजू झाल्या आणि तिला भरवू लागल्या. ऐंशीच्या दशकात तिला अन्यत्र हलवून खाट मोकळी करण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा याच परिचारिका आंदोलनाला उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर शय्याव्रण पडू दिला गेला नाही, याची नोंद प्रत्यक्ष न्यायालयाने घेतली.

याचिका दाखल करणाऱ्या लेखिका पिंकी विराणी यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अरुणाची कहाणी पुस्तकरूपाने समाजापुढे आणली ती त्यांनीच. वाकडी झालेली मनगटे, ठिसूळ झालेली हाडे, किडलेले दात, मऊ करून तोंडात घातलेला घास, हे सारे पाहून या देहाला आता सोडवा असे म्हणणे करुणेतूनच येऊ शकते. न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांच्या समितीने तिला तपासले. कायमच्या निश्चेष्ट अवस्थेचे बहुतेक निकष तिला लागू पडतात, असे त्यांचे मत पडले. रुग्णालयाच्या बाजूने मात्र सांगण्यात आले की ती अन्न घेते, आवडीचे खाणे दिले की तिचा चेहरा बदलतो, आवडले-नावडले ते आवाजाने कळवते. एकाच स्त्रीविषयीची ही दोन वर्णने. एक परीक्षेच्या तक्त्यातून निघालेले, दुसरे रोजच्या सहवासातून. यांपैकी खरे कोणते, हा वैद्यकाचा प्रश्न आहे असे वरवर वाटते. वस्तुतः तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. ज्ञान कशाला म्हणावे, व्यक्ती कोणाला म्हणावे आणि आपण एकमेकांचे देणे किती लागतो, हे तिन्ही प्रश्न त्या एका खाटेभोवती एकवटले होते.

तत्त्वज्ञान म्हणजे निवृत्तांचा विरंगुळा, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण गेल्या अर्धशतकात जगातील तत्त्वज्ञ विद्यापीठाच्या वाचनालयातून उठून रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात येऊन बसले, आणि त्यांनी तेथे मांडलेल्या व्याख्यांवर आज आपल्या घरातील माणसांच्या जगण्या-मरण्याचे निर्णय होऊ लागले आहेत. त्या व्याख्या कोठून आल्या, हे जाणून घेणे त्यामुळे प्रत्येक सुजाण कुटुंबाच्या हिताचे आहे.

या कथेचा आरंभ १९५२ मध्ये कोपनहेगन शहरात होतो. तेथे पोलिओची भीषण साथ आली होती. श्वसनाचे स्नायू निकामी झालेली मुले गुदमरून मरत होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत नळी घालून, हाताने रबरी पिशवी दाबून श्वास देण्याची पद्धत वापरली, आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे शेकडो विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस त्या पिशव्या दाबत बसले. अतिदक्षता विभागाचा जन्म असा झाला. पुढे हातांची जागा यंत्राने घेतली. श्वास थांबला म्हणजे प्राण गेला, हे मानवजातीचे हजारो वर्षांचे गणित यंत्राने मोडून टाकले. मेंदू पूर्णपणे मृत झालेला आहे, पण छाती वरखाली होते आहे आणि हृदय धडधडते आहे, असा देह इतिहासात प्रथमच अस्तित्वात आला. त्याला जिवंत म्हणायचे की मृत?

हा प्रश्न तातडीचा झाला तो हृदयारोपणामुळे. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयारोपण केले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले ते याच के.ई.एम. रुग्णालयात. रुग्ण काही तासच जगला, पण ते धाडस जगाच्या नोंदीत राहिले. मेंदूमृत्यूची वैद्यकीय व्याख्या त्या वेळी जगात कोठेच सिद्ध झाली नव्हती. ती ऑगस्ट १९६८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मांडली. भारतात तिला कायद्याची मान्यता मिळाली १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने. ही व्याख्या उपयुक्त ठरली, तिच्यामुळे हजारोंना जीवदान मिळाले, आणि मेंदूमृत्यूनंतरच्या अवयवदानाला विरोध करण्याचे काही कारण नाही. परंतु मेंदूमृत्यू वेगळा आणि अरुणासारख्या रुग्णाची अवस्था वेगळी. अरुणा यंत्राविना श्वास घेत होती, झोपत होती, जागी होत होती. तिचा मेंदू मृत नव्हता, जखमी होता. गोंधळ सुरू होतो तो या दोहोंच्या मधल्या प्रदेशात, आणि नेमके तेथेच पाश्चात्त्य नीतिशास्त्राने एक मोठी झेप घेतली.

सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने मनुष्य आणि व्यक्ती यांत भेद केला होता. मनुष्य हा एक प्राणी. व्यक्ती म्हणजे विचार करणारा, स्वतःला स्वतः म्हणून ओळखणारा, काल आणि आज यांची सांगड घालणारा. लॉकने हे लिहिले तेव्हा तो पुस्तकातला भेद होता. यंत्राने जगवलेले देह समोर आल्यावर त्याच भेदाची कात्री झाली. १९७२ मध्ये जोसेफ फ्लेचर या अमेरिकन नीतिशास्त्रज्ञाने मनुष्यत्वाच्या खुणांची चक्क यादी तयार केली. बुद्ध्यंक चाळीसच्या खाली असेल तर व्यक्ती असण्याविषयी शंका, वीसच्या खाली असेल तर व्यक्तीच नव्हे! ज्या घरात मतिमंद लेकरू वाढते आहे, त्या घरातील आईने ही यादी वाचली तर तिला काय वाटेल, याचा विचार यादी करणाऱ्याने केला असेल असे वाटत नाही. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात हाच विचार अधिक काटेकोर तर्काने पुढे नेला. त्यांच्या मते जगण्याचा अधिकार जातीने मनुष्य असण्यातून येत नाही, तो स्वतःचे भान आणि भविष्याची इच्छा यांतून येतो. त्यामुळे प्राण्यांविषयी त्यांची करुणा अपार, आणि भान गमावलेल्या माणसाविषयी मात्र हात आखडता. सिंगर यांचे भूतदयेचे लेखन आपल्याला जवळचे वाटावे असे आहे, हे मान्य करूनही येथे थबकावे लागते. पुढे त्यांच्या स्वतःच्या आईला अल्झायमर झाला. तिच्या शुश्रूषेवर त्यांनी खर्च केला, आणि आपली आई असली की प्रश्न वाटतो त्याहून अवघड होतो, अशा आशयाची कबुलीही दिली. यावरून त्यांची टिंगल करण्याची गरज नाही. पुत्र म्हणून ते योग्यच वागले. तत्त्वज्ञ म्हणून त्यांनी पुत्राचे ऐकले असते तर बरे झाले असते.

पाश्चात्त्य विचार म्हणजे हाच आणि एवढाच, असे समजणे मात्र अन्यायाचे होईल. ज्यांची आई नाझींच्या छळछावणीत मारली गेली, ते हान्स योनास हे ज्यू तत्त्वज्ञ हार्वर्डच्या व्याख्येविरुद्ध प्रथमपासून बोलत होते. जीवन आणि मरण यांमधली सीमारेषा नेमकी कोठे आहे हे आपल्याला ठाऊक नाही, आणि जेथे ठाऊक नाही तेथे माप जीवनाच्या पारड्यात टाकावे, असे त्यांचे म्हणणे होते. अलास्डेर मॅकिंटायर यांनी १९९९ मध्ये आपल्याच परंपरेवर बोट ठेवले. आपले नीतिशास्त्र रुग्णांना, वृद्धांना, अपंगांना केवळ दयेचा विषय मानत आले. परावलंबन ही माणसाची सामान्य अवस्था आहे, अपवाद नव्हे, हे ते विसरले. त्याच वर्षी ईव्हा किटे या विदुषीचा ग्रंथ आला. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलीची ही आई. काळजी घेणे हाच न्यायाचा पाया का मानू नये, असा प्रश्न तिने विचारला. के.ई.एम.च्या परिचारिकांनी यांपैकी कोणाचेही पुस्तक वाचले असण्याचा संभव नाही. त्यांना ते वाचण्याची गरजही नव्हती.

तत्त्वज्ञांचा वाद असा चालू असताना विज्ञानाने एक धक्का दिला, आणि तो ज्यांनी विज्ञानाची ढाल पुढे केली होती त्यांनाच बसला. सप्टेंबर २००६ मध्ये केंब्रिजचे एड्रियन ओवेन आणि त्यांचे सहकारी यांनी एका तरुणीवरील प्रयोग प्रसिद्ध केला. रस्त्यावरील अपघातानंतर पाच महिने ती पूर्ण निश्चेष्ट होती. सर्व परीक्षांनुसार तिला भान नव्हते. मेंदूचे कार्य टिपणाऱ्या यंत्रात ठेवून तिला सांगण्यात आले, आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना कर; आपल्या घरातल्या खोल्यांमधून फिरत आहोत अशी कल्पना कर. तिच्या मेंदूतील नेमके तेच भाग उजळले, जे निरोगी माणसाच्या मेंदूत अशा वेळी उजळतात. ती ऐकत होती. तिला समजत होते. ती सांगितलेले करत होती. २०१० मध्ये अशाच चौपन्न रुग्णांवर प्रयोग झाला. पाच जणांनी असा प्रतिसाद दिला आणि एकाने तर याच मार्गाने ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरेही दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये अनेक देशांतील केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेरून कोणताही आदेश न पाळणाऱ्या २४१ रुग्णांपैकी साठ जणांच्या, म्हणजे चारांतील एकाच्या मेंदूत आदेश पाळले जात असल्याची चिन्हे आढळली.

एवढ्यावरून अरुणा सर्व काही जाणत होती असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. तिच्यावर असा प्रयोग झाला नव्हता, आणि इजेच्या प्रकारावरही बरेच अवलंबून असते. पण ‘ती गेली आहे, उरला आहे तो देह’ हे विधान जितक्या खात्रीने केले जाते, तितकी खात्री विज्ञानाने कोणालाही दिलेली नाही, एवढे निश्चित. इंग्रजीत अशा अवस्थेला वनस्पतीवरून नाव पडले आहे. ज्या देशात जगदीशचंद्र बसूंनी वनस्पतींचे प्रतिसाद यंत्रावर मोजून दाखवले, त्या देशाने तरी ‘वनस्पतीवत्’ हे विशेषण जाणीवशून्यतेला पर्याय म्हणून वापरू नये! आणि चेतना म्हणजे काय, याचे उत्तर तरी कोठे मिळाले आहे? मेंदूतील चेतापेशींच्या हालचालींतून अनुभव कसा निर्माण होतो, या प्रश्नाला डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने नव्वदच्या दशकात ‘कठीण प्रश्न’ असे नाव दिले. मेंदूशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ कोख यांनी १९९८ मध्ये त्यांच्याशी पैज लावली होती की पंचवीस वर्षांत चेतनेचे मेंदूतील चिन्ह स्पष्टपणे सापडलेले असेल. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला भरसभेत कोख यांनी पैज हरल्याचे मान्य केले आणि ठरल्याप्रमाणे मद्याच्या बाटल्या चाल्मर्स यांच्या हवाली केल्या. खिलाडूपणाची ही गोष्ट गोड आहे. पण जी वस्तू कोठे आहे हे पंचवीस वर्षांत ठरवता आले नाही, तिच्या अभावाचे प्रमाणपत्र मात्र आपण बिनदिक्कत देतो, ही त्यातली खोच आहे.

भारतीय दर्शनांनी या प्रश्नाचा जो विचार केला, तो येथे आठवणे केवळ अभिमानासाठी नाही. चरकसंहितेत आयुष्य म्हणजे शरीर, इंद्रिये, मन आणि आत्मा यांचा संयोग, अशी व्याख्या येते. यांतले एक अंग दुबळे झाले म्हणून संयोग सुटला असे होत नाही. न्याय-वैशेषिकांच्या मते ज्ञान हा आत्म्याचा येणारा-जाणारा गुण आहे. गाढ झोपेत ज्ञान नसते, पण म्हणून झोपलेला माणूस माणूस राहात नाही असे कोणी म्हणत नाही. वेदान्त याच्या उलट टोकाने जातो. सुषुप्तीतही साक्षी चैतन्य असतेच, फक्त त्याच्यापुढे विषय नसतो. दोघांचे मार्ग भिन्न आहेत आणि त्यांच्यात शतकानुशतके कडाक्याचा वाद झाला, पण व्यक्त होणारी जाणीव म्हणजेच व्यक्ती हे समीकरण दोघांनाही मान्य नाही. आपल्याकडे एकच मत होते असेही नव्हे. चार्वाकांच्या मते मद्याचे घटक एकत्र आले की मद येतो, तशी भूतांच्या मिश्रणातून चेतना येते. आजचा जडवादी मेंदूशास्त्रज्ञ याहून फार निराळे सांगत नाही. बौद्धांनी तर स्थिर आत्माच नाकारला. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ मध्ये आपले व्यक्तिविषयक मत बुद्धाला मान्य झाले असते असे आवर्जून नोंदवले. पण आत्मा नाकारूनही बौद्धांनी करुणा कोणाच्या बुद्ध्यंकावर अवलंबून ठेवली नाही, हे विशेष आहे. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतील आपल्या व्याख्यानांत शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा यांचा एकत्रित विचार मांडला. ती मांडणी आपल्याकडे बहुधा अर्थकारण-राजकारणाच्या संदर्भात सांगितली जाते. रुग्णशय्येजवळ तिचा अर्थ काय होतो, हे कोणी फारसे उलगडून पाहिलेले नाही.

मग कोणत्याही किमतीवर श्वास चालू ठेवावा, असे आपली परंपरा सांगते काय? मुळीच नाही. साध्य आणि असाध्य व्याधींचा भेद आयुर्वेदाने प्रथमच केला आहे. आणि जीवितकार्य संपल्यावर देह स्वेच्छेने ठेवण्याचा मार्गही या भूमीत वंद्य मानला गेला. ज्ञानेश्वर माउलींची १२९६ मधील आळंदीची समाधी मराठी मनाला परिचित आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न आणि औषध यांचा त्याग केला आणि २६ फेब्रुवारीस दादर येथील राहत्या घरी देह ठेवला. त्यापूर्वीच लेख लिहून आत्महत्या आणि आत्मार्पण यांतला फरक त्यांनी आपल्या रोखठोक पद्धतीने मांडला होता. आचार्य विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार आश्रमात हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न-औषध नाकारले आणि १५ नोव्हेंबरला त्यांची प्राणज्योत मालवली. विचारांनी एकमेकांपासून इतके दूर असलेले हे दोन महापुरुष शेवटी एकाच मार्गाने गेले, ही महाराष्ट्राच्या इतिहासातील विलक्षण घटना आहे. एक बुद्धिवादी, परलोकाची फिकीर न करणारा. दुसरा गीतेत मुरलेला. दोघांनीही मृत्यूची परवानगी कोणाकडे मागितली नाही आणि दुसऱ्याच्या हातून ती घेतली नाही.

आत्मार्पण आणि दयामरण यांत हाच भेद आहे. पहिल्यात निर्णय ज्याचा त्याचा असतो, तो पूर्ण शुद्धीत आणि जीवनाच्या तृप्तीतून घेतलेला असतो. दुसऱ्यात अनेकदा एका माणसाच्या आयुष्याची किंमत दुसरा माणूस ठरवतो. आपल्या कायद्याला हा भेद ओळखायला फार वेळ लागला. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने जैन बांधवांचा संथारा आत्महत्येच्या कलमात बसवला. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. ब्रिटिशांनी १८६० मध्ये दिलेले आत्महत्येच्या प्रयत्नाचे सरसकट कलम अखेर १ जुलै २०२४ पासून, नव्या न्याय संहितेबरोबर गेले. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि उपचारांविषयीची आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली. जानेवारी २०२३ मध्ये तिची किचकट प्रक्रिया सुलभ झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर आता असे इच्छापत्र करता येते. उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते.

ही चौकट बरीचशी समतोल आहे. विषारी सुई टोचून मारण्याला तिने दार उघडलेले नाही, आणि ते उघडू नये. कॅनडाने २०१६ मध्ये ते उघडले, तेव्हा मरणासन्न रुग्णांपुरतेच असे आश्वासन होते. २०२१ मध्ये मृत्यू नजीक असण्याची अट गेली. २०२३ या एका वर्षात तेथे १५ हजारांहून अधिक माणसे या मार्गाने मरण पावली. त्या देशातील एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण ४.७ टक्के होते. ज्याला घरी काळजी घेणारे कोणी नाही, ज्याला परवडणारे घर नाही, त्याला राज्यसंस्था सन्मानाचा मृत्यू सहज देऊ लागली, तर तो सन्मान कोणाचा, हा प्रश्न तेथील अपंगांच्या संघटनाच आज विचारत आहेत.

परदेशाकडे बोट दाखवणे सोपे असते. आपल्या घरात काय चालले आहे? ज्या समाजाला कुटुंबसंस्थेचा गर्व आहे, त्याच समाजात मुले परगावी किंवा परदेशी, आणि वडील अतिदक्षता विभागात नळ्यांनी बांधलेले, असे दृश्य शहराशहरांत दिसते. असाध्य आजारात महिनाभर यंत्रावर ठेवून ठेवी मोडणाऱ्या कुटुंबाला कित्येकदा वडिलांची इच्छा काय होती हेच ठाऊक नसते. त्यांनी ती कधी सांगितली नाही, मुलांनी कधी विचारली नाही; कारण घरात मरणाचा विषय काढणे अभद्र. प्रायोपवेशनाची परंपरा असलेल्या समाजाने मृत्यूविषयी बोलायला इतके घाबरावे! दुसरीकडे, दीर्घ आजारी सासू अथवा विसरभोळे झालेले आजोबा यांना ‘आता काय उरले आहे’ या शब्दांत मोजणारी घरेही वाढत आहेत. फ्लेचरची यादी न वाचताच ती पाठ झाली आहे. वेदनाशमन आणि परिहारक शुश्रूषा देणारी केंद्रे लोकसंख्येच्या मानाने अत्यल्प आहेत. सेवाकार्यांचा आपला पसारा मोठा आहे. त्यात रक्तपेढ्या आहेत, रुग्णसाहाय्य आहे, वनवासी भागातील आरोग्यकेंद्रे आहेत. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी जाऊन त्याला कूस बदलवणारे आणि त्याच्या थकलेल्या सुनेला दोन तासांची सुट्टी देणारे हात मात्र त्या मानाने कमी आहेत. के.ई.एम.च्या परिचारिकांनी जे केले ते एका मोठ्या रुग्णालयाच्या आधाराने केले. एकट्या कुटुंबाकडून बेचाळीस वर्षांची ती अपेक्षा करणे क्रूरपणाचे ठरेल.

आणि विचारांच्या क्षेत्रात काय? खानदेशात अमळनेर येथे श्रीमंत प्रताप शेठ यांच्या दातृत्वातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. एका गिरणीमालकाने तत्त्वज्ञानाच्या संशोधनासाठी संस्था काढावी, आणि कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारख्या विद्वानाने कलकत्त्याहून येऊन काही काळ तिचे संचालकपद भूषवावे, असा तो काळ होता. विचारांच्या क्षेत्रातही स्वराज्य हवे, हे भट्टाचार्यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. परकीय कल्पना पारखून घ्याव्या आणि आपल्या कल्पनाही पारखून घ्याव्या, असा त्याचा दुहेरी आशय होता. आपण त्याचा पहिला अर्धाच लक्षात ठेवला. आपल्या उपनिषदांत सर्व काही आहे, असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. न्याय-वैशेषिकांचा आत्मविचार आणि २०२४ चा मेंदूविषयक अभ्यास शेजारी ठेवून पन्नास पानांचा एक कसदार प्रबंध मराठीत लिहिणे कठीण आहे. महाविद्यालयांतील तत्त्वज्ञानाचे वर्ग विद्यार्थ्यांअभावी ओस पडत आहेत, आणि आपली हुशार मुले त्या विषयाकडे वळू नयेत याची काळजी आपल्यातलेच पालक घेतात.

वैद्यकीय शिक्षणात २०१९ पासून नीतिविचार आणि रुग्णसंवाद यांचा अभ्यास आवश्यक झाला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाला परवानगी देणाऱ्या प्रत्येक नीतिसमितीत डॉक्टर आणि कायदेतज्ज्ञ यांच्याबरोबर समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक यांच्यासाठी एक जागा ठेवलेली आहे. देशभरातील शेकडो रुग्णालयांत ही खुर्ची आज मांडलेली आहे. तेथे बसणाऱ्याला लॉक आणि सिंगर ठाऊक असले पाहिजेत, ओवेनचा प्रयोग समजला पाहिजे, आणि चरक व गौतम यांचे मूळ ग्रंथही वाचता आले पाहिजेत. अशी किती माणसे महाराष्ट्रात तयार आहेत, याची मोजदाद करायला दोन हातांची बोटे पुरतील.